पेरणे फाट्याजवळचा उंच दगडी स्तंभ कशाचा आहे?

पुण्याहून नगरकडे जाताना भीमेच्या पुलाअलीकडे दिसणाऱ्या स्तंभाबद्दल तुम्ही विचारलंय. तो कोरेगावच्या लढाईचा जयस्तंभ. कोरेगाव भीमा गाव नदीपलीकडे, स्तंभ मात्र पेरण्याच्या हद्दीत.

31 डिसेंबर 1817 च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याकडे निघाला. सोबत जेमतेम आठशे माणसं. त्यात मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीचे सुमारे पाचशे शिपाई, बाकी घोडेस्वार आणि दोन तोफांचे गोलंदाज. सकाळी समोर दुसऱ्या बाजीरावाची प्रचंड फौज दिसली, तेव्हा ते गावात शिरले. दिवसभर घराघरांतून झुंज चालली. रात्रभर चालून आलेली, उपाशी माणसं. नदी शेजारी असूनही संध्याकाळपर्यंत पाणी मिळेना. रात्री पेशव्यांची फौज मागे सरली.

स्तंभाचा पाया 1821 साली घातला. थांबलात तर घाई न करता त्यावरची नावं वाचा. पडलेल्या 49 जणांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं, त्यांची नावं कंपनी सरकारने दगडात कोरली. 1 जानेवारी 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि या नावांना नवा अर्थ मिळाला. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी लोक मानवंदनेला येतात, आता तर लाखोंनी. निवांत पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडा, पण जमलं तर एकदा 1 जानेवारीलाही जाच.