बॉयलरचा हप्ता बचतीतून फिटेल का?

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "घर ४० वर्षांचं. तळघरात जुना बॉयलर, खोल्यांत गरम पाण्याचे रेडिएटर, तळघरातले पाइप उघडेच. ठेकेदार म्हणतो, कंडेन्सिंग बॉयलर, स्मार्ट थर्मोस्टॅट आणि पाइपांचं इन्सुलेशन एकदमच करा; बिल ४० टक्के उतरेल आणि हप्ते त्यातूनच फिटतील. हप्त्यावर करावं की मुदत ठेव मोडावी? ठेव हीच आमची बचत. बाकी पैसे चार वर्षांपूर्वी मेव्हण्यांकडून घेतलेल्या पॉलिसीत जातात. वय ३८, कमावता मी एकटा, मुलं दोन."

हिशेब कुठल्याही चलनात वाचता यावा म्हणून तुमचं हीटिंगचं वर्षाचं बिल १०० धरतो. बाकी सगळे आकडे त्याच मापात.

कोटेशन ५०० चं आहे. हप्ता वर्षाला ९०, सात वर्षं, म्हणजे ६३०. ठेकेदाराचा शब्द खरा मानला तरी वाचणार ४०. वर्षाला ५० खिशातून जाणार, मग "बचतीतून फिटेल" कसं?

आणि ते ४० सुद्धा फुगवलेले आहेत. जुना बॉयलर ७० टक्के कार्यक्षम आणि नवा ९० टक्के धरला तर इंधन २२ टक्के वाचतं. थर्मोस्टॅटचे १०, पाइपांचे ८, अशी त्याने सरळ बेरीज केली. पण प्रत्येक बचत आधीच्या बचतीनंतर उरलेल्या बिलावर होते, म्हणून हातात येतात ३५. त्यातही कंडेन्सिंग बॉयलर म्हणजे धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा; त्याचा खरा फायदा रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तेव्हाच. तुमचे रेडिएटर ७५-८० अंशांच्या पाण्याशिवाय खोली तापवत नसतील, तर हा जादा फायदा बराचसा हातचा जाईल आणि नव्वद टक्के गाठणं कठीण. परतीचं तापमान किती धरलंय, हे कोटेशनवर लिहून मागा.

पाइपांचं काम मात्र याच महिन्यात करा. साधारण २२ मिलिमीटरच्या उघड्या पाइपात ६०-६५ अंशांचं पाणी असलं की थंड तळघरात मीटरमागे ४० वॉटच्या आसपास उष्णता वाया जाते. तुमचे २० मीटर म्हणजे ८०० वॉटचा हीटर, अडगळीतल्या सायकलींना ऊब द्यायला. नीट गुंडाळलं तर यातला तीन चतुर्थांश तोटा थांबतो. कोटेशनमध्ये याचे ४० लावलेत. तुम्हीच काढलेल्या भावाने सामान येतं ८ चं. स्वतः केलंत तर वर्षात वसूल. फोमची नळी पाइपाच्या बाहेरच्या व्यासाची घ्या, कोपरे तिरके कापून जोडा, चीर टेपने बंद करा. धुराड्याजवळ फोम नको, तिथे काचतंतूचं वेष्टण. जुन्या पाइपावर प्लास्टरसारखं पांढरं आवरण असेल तर ते खरवडू नका. ॲस्बेस्टॉस असू शकतं, आधी तपासून घ्या. खोल्यांमधून जाणाऱ्या पाइपांवर खर्च नको, ती उष्णता घरातच राहते. तळघर आता जास्त गार पडेल, म्हणून गोठायची भीती असेल तर थंड पाण्याची लाइनही गुंडाळा.

बॉयलर वार्षिक तपासणीत सुरक्षित ठरत असेल तर थांबा. उष्णतेची गळती आधी बंद केली की पुढे लहान बॉयलर पुरतो.

आता तुम्ही न विचारलेलं. पॉलिसीच्या कागदाचा फोटो जोडलात, बरं केलंत. हप्ता वर्षाला १५०, मुदत २० वर्षं, शेवटी ४०००. मेव्हण्यांनी हा "३३ टक्के नफा" म्हणून विकला. ३००० भरून ४००० मिळतात, म्हणून ३३, वीस वर्षांत! वर्षाचा परतावा पावणेतीन टक्क्यांच्या आसपास पडतो. आज सोडलीत तर ३०० परत मिळतात. भरलेले ६०० विसरून फक्त पुढचं पाहिलं तरी परतावा चार टक्के, आणि बॉयलरचं कर्ज सहा टक्क्यांच्या घरात. चार टक्क्यांनी पैसे ठेवायचे आणि सहाने उचलायचे, हा कुठला व्यवहार?

पण परतावा हा लहान दोष. विम्याचं कवच आहे १५००, आणि घरखर्च, बिल धरून, वर्षाला १२००. उद्या तुम्ही नसलात तर बायको आणि दोन मुलांचं घर सव्वा वर्ष चालेल. एकट्या कमावत्या माणसाला इतकाच विमा विकून वर "गुंतवणूकही झाली" म्हणणाऱ्याचा मला राग येतो, मग तो मेव्हणा असला तरी.

किमान दहा वर्षांच्या खर्चाचं, म्हणजे १२००० चं, साधं टर्म कवच घ्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा. त्यात शेवटी काही परत मिळत नाही, म्हणूनच ते स्वस्त. धूम्रपान आणि मोठा आजार नसेल तर या वयात हप्ता तुमच्या सध्याच्या हप्त्याच्या दशांशाच्या आसपास बसावा. दोन-तीन ठिकाणची कोटेशनं काढा.

ठेव ७०० ची आहे, म्हणजे सात महिन्यांचा घरखर्च. तिच्यातून ५०० काढले तर दोनच महिन्यांचा उरतो. तेव्हा ठेवीला हात लावू नका, आणि हप्त्यावरही सही नको. पॉलिसीचे सुटणारे १५० टर्मचा हप्ता भागवून बाजूला टाकत गेलात, सोडल्यावर मिळणारे ३०० त्यात घातलेत, तर दोनेक वर्षांत बॉयलरपुरते रोख जमतात.

जुनी पॉलिसी सोडायची घाई मात्र नको. टर्मच्या अर्जात आजार, औषधं सगळं खरं लिहा, मंजुरीचा कागद हातात येऊ द्या, मग मेव्हण्यांना फोन करा.