वाचकांचे प्रश्न : प्रकाशाच्या जाळ्यात बोलायची पाळी कोणाची?

गेल्या अंकात एलईडी दिवे आणि इन्फ्रारेड यांच्यावर चालणाऱ्या कमी गतीच्या जाळ्यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत बहुतेकांनी विचारले आहे ते एकच : माहिती इकडून तिकडे पाठवायची पद्धत कशी ठरवायची? निवडक प्रश्न घेते. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण बाकीच्यांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. एका बंद खोलीत छताला एक एलईडी दिवा आणि खाली तापमान व आर्द्रता मोजणारे १२ नोड, म्हणजे जाळ्यातली छोटी उपकरणे, आहेत. दिवा खाली दृश्य प्रकाशातून बोलतो, नोड वर इन्फ्रारेडने उत्तर देतात. दर १० सेकंदांनी प्रत्येकाने २४ बाइटचा निरोप पाठवायचा. रेडिओत असते तसे 'आधी ऐका, शांत असेल तर बोला' हेच ठेवले. दोन नोडवर छान चालले, १२ लावले तर निरोप हरवू लागले. वेग सेकंदाला ११.६७ किलोबिट आहे. तो वाढवावा का?

उत्तर : वेगाला हात लावू नका. दुखणे तिथे नाही.

'आधी ऐका' ही पद्धत एका गृहीतावर उभी आहे : जो बोलतोय त्याचा आवाज बाकीच्यांच्या कानावर पडतो. रेडिओत हे बऱ्याच अंशी खरे असते, कारण लहरी सगळीकडे पसरतात. तुमच्या नोडची इन्फ्रारेड एलईडी मात्र छताकडे तोंड करून आहे आणि शेजारच्या नोडचा फोटोडायोडही, म्हणजे प्रकाश टिपणारा त्याचा डोळाही, छताकडेच बघतो आहे. त्यावर फक्त दृश्य प्रकाश आत सोडणारा फिल्टर असेल, तर इन्फ्रारेड त्याला दिसतच नाही. म्हणजे पाचवा नोड बोलत असताना सहावा ऐकतो, त्याला सगळे शांत वाटते, आणि तोही बोलू लागतो. छतावरच्या रिसीव्हरवर दोन्ही निरोप एकमेकांत मिसळतात. रेडिओवाले याला छुपा नोड म्हणतात. त्यांच्याकडे ही अधूनमधून येणारी अडचण आहे, तुमच्या मांडणीत प्रत्येक नोड दुसऱ्या प्रत्येकापासून छुपा आहे.

खात्री करून घ्या. दोन नोड शेजारी ठेवा, एकाला सतत बोलायला लावा आणि दुसऱ्याच्या फोटोडायोडमागच्या ॲम्प्लिफायरच्या आउटपुटवर ऑसिलोस्कोपची प्रोब लावा. फिल्टर काढून बघा, मग लावून बघा. छतावरून परावर्तित झालेली क्षीण खळबळ फार तर दिसेल, आणि तीही 'कोणीतरी बोलतंय' असे ठरवण्याच्या पातळीच्या खालीच राहील. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की पुढचा सगळा विचार बदलतो.

आता हिशेब. २४ बाइट म्हणजे १९२ बिट. ११.६७ किलोबिटने ते जायला सुमारे १६.५ मिलिसेकंद लागतात. त्याऐवजी दिव्यानेच एकेकाचे नाव घेऊन विचारले, हजेरी घेतात तसे, तर ८ बाइटचा प्रश्न ५.५ मिलिसेकंदांत जातो. सुरुवातीची खूण, हेडर (निरोपाच्या आधी जाणारी त्याची माहिती) आणि ऐकण्याकडून बोलण्याकडे वळायचा वेळ यांना आणखी ८ धरा. एका नोडमागे ३० मिलिसेकंद झाले. बारांचे ३६०. तुमच्याकडे आहेत १०,००० मिलिसेकंद! प्रत्येकाला तीनदा विचारावे लागले तरी जेमतेम सव्वा सेकंदाच्या आत सगळे आटोपते. एवढा मोकळा वेळ हाताशी असताना नोडना आपापसांत स्पर्धा करायला लावायचे कारण काय? म्हणून मी तुम्हाला हजेरी पद्धतच सुचवते.

कोणी म्हणेल, विचारायचे तरी कशाला, प्रत्येकाला ठरलेला स्लॉट, म्हणजे बोलायची वेळ, देऊन टाका. बीकन (फेरी सुरू झाल्याची दिव्याची हाक) गेला की पहिल्या ३० मिलिसेकंदांत पहिला, मग दुसरा. ही पद्धत चांगली आहे, पण ती घड्याळावर चालते. तुमच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये आतला आरसी ऑसिलेटर, म्हणजे कमी अचूक घड्याळ, असेल आणि त्याची चूक १ टक्का असेल, तर १० सेकंदांत तो १०० मिलिसेकंद सरकतो, म्हणजे तीन स्लॉट ओलांडून चौथ्यात. दहा लाखांत २० इतकीच चूक असलेला (२० पीपीएमचा) अचूक क्रिस्टल असेल तर दिव्याचा आणि नोडचा मिळून फरक ०.४ मिलिसेकंदावर येतो आणि स्लॉट सुखाने चालतात. क्रिस्टल नसेल तर निदान दर फेरीच्या सुरुवातीला बीकन ऐकूनच घड्याळ जुळवायला हवे. हजेरीत हा प्रश्न उद्भवतच नाही, नाव पुकारले की उत्तर द्यायचे.

एका ठिकाणी मात्र स्पर्धा टळत नाही. नवा नोड खोलीत आला तर दिव्याला त्याचे नाव माहीत नसते, मग तो पुकारणार कोणाला? त्यासाठी प्रत्येक फेरीच्या शेवटी चार-सहा मोकळे स्लॉट ठेवा आणि नव्याने त्यांतला कोणताही एक यादृच्छिक निवडून 'मी आलोय' एवढेच सांगावे. ही स्लॉटेड अलोहा पद्धत. तिची कमाल कार्यक्षमता ३७ टक्क्यांच्या आतच राहते, पण नोंदणीसारख्या क्वचित होणाऱ्या कामाला तेवढी पुष्कळ झाली.

आणि 'आधी ऐका' सोडायचीच नसेल, तर एक मार्ग फक्त तुमच्यासारख्या मांडणीत उपलब्ध आहे. वर जाणारा आणि खाली येणारा प्रकाश वेगळ्या तरंगलांबीचा असल्याने दिवा ऐकता ऐकता बोलू शकतो. कोणाचा निरोप येऊ लागला की त्याने लगेच 'व्यस्त' असा नमुना खाली सोडायचा. नोड एकमेकांना ऐकत नसले तरी दिव्याला सगळेच ऐकतात. अचानक घडणाऱ्या घटनांसाठी, म्हणजे धूर, गळती, दार उघडणे अशांसाठी, मला ही कल्पना फार आवडते. ठरावीक वेळाने येणाऱ्या तापमानासाठी तिची गरज नाही.

प्रश्न : आमच्याकडे हजेरी पद्धत आधीपासून आहे, पण विचारणा जाताना दिवा किंचित मिचकावल्यासारखा वाटतो. उघडझापीचा वेग २०० किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला दोन लाख, असताना डोळ्याला कसे कळते?

उत्तर : डोळ्याला २०० किलोहर्ट्झ कळत नाहीत, सरासरी कळते. मँचेस्टर कोडिंगमध्ये प्रत्येक बिटाचा अर्धा वेळ दिवा पेटलेला आणि अर्धा विझलेला असतो. निरोप नसताना तुम्ही दिवा पूर्ण पेटता ठेवला असणार. म्हणजे प्रत्येक विचारणेला उजेड थेट निम्म्यावर येतो. प्रकाशाचे चढउतार ५ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे २०० हर्ट्झच्या वर, उरकले तर ते सुरक्षित धरतात. तुमची विचारणा त्याहून लांब आहे आणि ती सेकंदा-सेकंदाने येते, त्यामुळे डोळ्याला जाणवते. निरोप नसेल तेव्हाही तेवढ्याच सरासरीचा रिकामा नमुना सोडत राहा. दृश्य प्रकाशातून संवादासाठीच्या आयईईई ८०२.१५.७ या २०११ च्या मानकात अशा रिकाम्या नमुन्याची तरतूद आहे ती याचसाठी.

प्रश्न : बॅटरीवरच्या नोडना कधीतरी आज्ञा पाठवायची असते. ८०२.१५.४ या कमी गतीच्या जाळ्यांच्या मानकावर चालणाऱ्या रेडिओत निरोप मुख्य नोडपाशी राखून ठेवतात, बीकनमध्ये 'तुझ्यासाठी काही आहे' असे सांगतात, मग नोड मागणी करतो आणि तेव्हा निरोप मिळतो. प्रकाशातही हीच अप्रत्यक्ष पद्धत ठेवावी ना?

उत्तर : अर्धी ठेवावी. बीकनमध्ये यादी असणे योग्यच आहे, 'मागणी' मात्र मी काढून टाकेन.

कारण विजेचे आहे. त्या जातीच्या अनेक रेडिओ चिपांमध्ये ऐकायला लागणारा विद्युतप्रवाह बोलण्याइतकाच असतो, दोन्ही २० मिलिॲंपियरच्या आसपास. म्हणून रेडिओतले सगळे शहाणपण 'कमीत कमी वेळ जागे राहा' या दिशेने जाते. प्रकाशात तसे नाही. रिमोटचा इन्फ्रारेड रिसीव्हर मॉड्यूल अर्ध्या मिलिॲंपियरच्या आत चालतो, आणि इन्फ्रारेड एलईडीला मात्र बोलताना ५० मिलिॲंपियर सहज लागतात. मँचेस्टरमध्ये ती अर्धा वेळ पेटते, म्हणजे सरासरी २५. वरचा २४ बाइटचा निरोप १६.५ मिलिसेकंदांचा आहे, त्याचा खर्च ०.४ मिलिॲंपियर-सेकंद होतो. तेवढ्यात ०.४ मिलिॲंपियरचा रिसीव्हर पूर्ण १ सेकंद ऐकत बसू शकतो. एका निरोपाच्या किमतीत एक सेकंदाचे ऐकणे! हे आकडे तुमच्या सर्किटवर स्वतः मोजा. मायक्रोकंट्रोलर जागा राहिला तर त्याचा खर्च वेगळा, म्हणून त्याला झोपू द्या आणि रिसीव्हरच्या सिग्नलने उठवा.

तेव्हा बीकनने असे सांगावे : 'सातव्या नोडसाठी निरोप आहे, आणि तो तिसऱ्या स्लॉटमध्ये येईल.' सातवा थांबतो, ऐकतो, आणि छोटीशी पोच देतो. जुन्या पद्धतीत नोडला एक मागणी आणि एक पोच असे दोनदा बोलावे लागे, आता एकदाच. नोडने बीकन ऐकलाच नाही तर? पोच येणार नाही, पुढच्या बीकनमध्ये पुन्हा नाव घालायचे.

मात्र पोच वाटेत हरवली तर तोच निरोप दुसऱ्यांदा जातो. म्हणून प्रत्येक निरोपाला क्रमांक द्या, आणि आज्ञा 'व्हॉल्व्ह उलटा कर' अशी कधीच ठेवू नका. 'व्हॉल्व्ह बंद कर' अशी ठेवा. दोनदा ऐकली तरी बंद ते बंदच राहील. पाण्याचा किंवा गॅसचा संबंध असेल तिथे यात जराही ढिलाई नको.

प्रश्न : टीव्हीचा रिमोट पोच घेत नाही, तरी वर्षानुवर्षे चालतो. मग आपण पोचेच्या भानगडीत पडायचेच कशाला?

उत्तर : रिमोटमध्ये पोच आहे, ती तुमच्या डोळ्यांतून जाते. चॅनल बदलला नाही असे दिसले की बोट आपोआप पुन्हा बटण दाबते. शिवाय त्या निरोपाची रचना बघा. प्रचलित एनईसी पद्धतीत ३८ किलोहर्ट्झच्या वाहकावर (सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशावर) आधी ९ मिलिसेकंदांचा झोत, मग ४.५ मिलिसेकंदांची शांतता आणि नंतर ३२ बिट : पत्ता, उलटा पत्ता, आज्ञा, उलटी आज्ञा. उलट प्रत जुळली नाही तर टीव्ही निरोप टाकून देतो. चुकीचे काही करण्यापेक्षा काहीच न करणे बरे, आणि समोर माणूस आहे हे धरून ही आखणी केली आहे. ती मला अतिशय नेटकी वाटते. माणूस नसेल तिथे विचारायचे एवढेच : हा निरोप हरवला तर पुढचा त्याची जागा घेतो का? तापमान घेते, पोच नको. गळतीची सूचना घेत नाही, पोच हवीच.

प्रश्न : प्रदर्शनातल्या वस्तूंवरच्या दिव्यांतून मोबाइलच्या कॅमेऱ्याला वस्तूची माहिती द्यायची आहे. वेगळा रिसीव्हर नाही. कॅमेरा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. अर्धे पान मजकूर पाठवता येईल का?

उत्तर : येईल, पण पाठवू नका.

कॅमेरा दिव्याला उत्तर देऊ शकत नाही. म्हणून इथे एकच पद्धत उरते, एकतर्फी प्रसारण. कोण बघतंय, कधीपासून बघतंय, किती कळले, यातले काहीच दिव्याला ठाऊक नाही. बहुतेक मोबाइलचा सेन्सर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो, म्हणून वेगाने उघडझाप करणारा दिवा चित्रात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसारखा उमटतो. समजा सगळ्या ओळी वाचायला २० मिलिसेकंद लागतात आणि दिव्याची अवस्था सेकंदाला ४००० वेळा ठरते. एका चित्रात ८० पट्टे मावतील. हे दिव्याने पूर्ण उंची व्यापली तर. बघणारा दोन पावले मागे सरकला आणि दिवा अर्ध्या उंचीत आला की ४० उरले. आणखी मागे गेला की २०. या जाळ्याचा वेग बघणाऱ्याच्या पायांवर ठरतो, आणि आखणी करताना हेच सर्वांत आधी धरावे लागते. फ्रेमच्या ३३ मिलिसेकंदांतले उरलेले १३ तर कॅमेऱ्याला दिसतच नाहीत.

म्हणून दिव्याने फक्त वस्तूचा १६ बिटांचा क्रमांक सांगावा, मजकूर मोबाइलमध्ये आधीच ठेवावा. मँचेस्टरमध्ये १६ बिटांना ३२ पट्टे लागतात, उरलेल्या ८ मध्ये सुरुवातीची खूण. ती मँचेस्टरचा नियम मुद्दाम मोडणारी असू द्या, म्हणजे मजकुरात तिचा भास होणार नाही. हेच ४० पट्ट्यांचे पॅकेट अखंड फिरते ठेवा. कॅमेऱ्याने मधूनच वाचायला घेतले तरी शेपूट आणि डोके जोडून क्रमांक मिळतो.

मजकूर दिव्यातूनच जायला हवा असा आग्रह असेल तर त्याचे तुकडे करून प्रत्येकाला क्रमांक द्या. प्रत्येक तुकडा किमान दोन फ्रेमचा वेळ, सुमारे ७० मिलिसेकंद, फिरवत ठेवा. एक तुकडा निसटला तर बघणाऱ्याला पूर्ण फेरी थांबावे लागते, म्हणून दर ८ तुकड्यांमागे त्या आठांचा एक्सऑर, म्हणजे हातचा न धरता केलेली बिटाबिटाची बेरीज, असलेला नववा घाला. कोणताही एक हुकला तर बाकीच्या आठांवरून तो परत काढता येतो. नऊ तुकड्यांची फेरी ०.६३ सेकंदाची होईल. क्रमांकाच्या पद्धतीत हेच काम एका फ्रेममध्ये होते, आणि बघणाऱ्याला मोबाइल धरून उभे राहावे लागत नाही.