वडिलांनी आत्महत्या केल्यापासून पाचवीतला मुलगा रोज पोट दुखतं म्हणतो. शाळेच्या नर्सबाई काही करू शकतील का?

करू शकतात. पण यवतमाळकडच्या जिल्हा परिषद शाळेत कायमची नर्स नसते. ते पद नवोदय, एकलव्यसारख्या निवासी शाळांत असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्याची वाट पाहू नका, गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरना गाठा.

पोटदुखी नाटक समजू नका. धक्का बसलेल्या मुलांचं दुःख बरेचदा पोटातून, डोक्यातूनच बाहेर येतं. सिस्टरनी आधी नीट तपासावं: जंत, रक्त कमी, की सकाळी उपाशीच आलाय? मग जरा बाजूला बसवून, दार उघडं ठेवून, "केव्हा केव्हा दुखतं रे?" एवढंच विचारावं. घरचं खोदून काढू नये. (आपल्याकडे सांत्वनाला येणारा जो तो पोराला तेच विचारतो, वरून "आता तूच घरचा कर्ता" म्हणतो!) थोडं बसवून वर्गात परत पाठवावं, रोज घरी धाडलं तर शाळाच सुटते.

झोप उडाली, मरणाची भाषा आली, तर जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग गाठा. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीतही बोलतात. आणि बोलता बोलता लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवावंच लागतं, म्हणून "कुणाला सांगणार नाही" असा शब्द मुलाला देऊ नये.