पोटापाण्याची फोटोग्राफी करताना स्वतःचे प्रयोग कधी करायचे, आणि ते फसले तर?

तुम्ही विचारलंय की लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या माणसानं प्रयोग करायचे कधी, आणि चालू कामात काही बिघडलं तर पार्टीला, म्हणजे काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला, काय सांगायचं. मी कोल्हापुरात काम करतो. सीझनला लग्नं, एरवी गुजरीतल्या सराफांचे दागिने, चपला, भांडी, कधी एखाद्या हॉटेलचं मेनूकार्ड. माझ्या अनुभवात प्रयोगासाठी राखून ठेवलेला दिवस कधी उजाडत नाही. प्रयोग चालू कामातच होतात, आणि त्यातले चांगले बहुतेक कुठल्यातरी बिघाडातून निघतात. म्हणून बिघडलेला फोटो डिलीट करण्याआधी तो का बिघडला ते शोधायचं, आणि सवड मिळाली की तोच बिघाड मुद्दाम घडवून बघायचा. हवा तेव्हा घडवता आला की तो तुमच्या हातचा झाला.

हॉलमधल्या एलईडी दिव्यांचं बघा. फोटोवर आडवे पट्टे येतात ही तक्रार मिररलेस कॅमेरा घेतलेले बहुतेक जण करतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० लाटा, आणि प्रत्येक लाटेचे दोन अर्धे, त्यामुळे स्वस्तातला एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत राहतो. डोळ्याला ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर (फोटो टिपणारी चिप) ओळीओळीनं वाचतं, म्हणून काही ओळींना तेज उजेड मिळतो आणि काहींना मंद. मेकॅनिकल शटर वापरून १/५० किंवा १/१०० सेकंदावर आलात की पट्टे जातात. स्टेजमागच्या एलईडी भिंतीचा हिशेब वेगळा. तिची लुकलुक तिच्या स्वतःच्या सर्किटच्या वेगानं चालते, तिथं शटर थोडं थोडं बदलून बघावं लागतं, आणि हे मुहूर्ताच्या आधी, हॉल रिकामा असताना करायचं.

आता हीच लुकलुक वरातीत कामाला लावा. झाडांवर, गाडीवर दिव्यांच्या माळा असतात. शटर १/१० सेकंद ठेवून कॅमेरा एका दिशेला फिरवला तर प्रत्येक दिव्याची सलग रेघ येत नाही, ठिपके येतात. सेकंदाला १०० लुकलुकी, म्हणजे १/१० सेकंदात दहा ठिपके. माळ स्वस्त, विजेच्या प्रत्येक लाटेच्या एकाच अर्ध्यावर पेटणारी असेल तर पाच. यात फ्लॅश रिअर सिंकला ठेवला की शटर मिटता मिटता तो उडतो, नाचणाऱ्याचा चेहरा जागच्या जागी स्पष्ट थांबतो आणि मागं ठिपक्यांच्या रांगा उठतात. मला हा प्रकार फार आवडतो, कारण संगणकावर काहीही न करता तो थेट कॅमेऱ्यात होतो, आणि ज्या दोषापायी आपण हॉलमध्ये वैतागलो होतो तोच इथं नक्षी काढतो. एक धोका मात्र ध्यानात ठेवा. डीजेचा लेझर थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचा डाग किंवा रेघ पडू शकते. लेझर गर्दीवर फिरत असेल तेव्हा कॅमेरा खाली घ्यायचा. तिथं कसलाही प्रयोग नको.

दागिन्यांचं काम शांत असतं, म्हणून तिथं मी जास्त खोलात जातो. सोनं हा एका परीनं आरसाच आहे. आपण फोटो काढतो तो सोन्याचा कमी आणि सोन्यात जे दिसतंय त्याचा जास्त. शिकताना सगळे सांगतात की चारी बाजूंनी बटर पेपर लावा, मऊ उजेड पाडा. तसं केलं की डोळ्यांत खुपणारी चमक येत नाही हे खरं, पण कोल्हापुरी साजाचे मणी आणि पानं पांढुरकी, सपाट दिसायला लागतात, कारण त्यांच्यात नुसता पांढरा कागदच दिसत असतो. एकदा एका सराफाच्या पेढीवर साज मांडला होता आणि टेबलाशेजारी हिरव्या शालूतल्या काकू बसल्या होत्या. स्क्रीनवर फोटो बघून सराफ म्हणाले, "अहो, हे सोनं हिणकस दिसतंय की!" मण्यांच्या एका अंगाला हिरवी झाक होती. काकूंना उठवून काम नीट पूर्ण झालं. पण एका रंगानं सोनं हिणकस दिसत असेल तर दुसऱ्या रंगानं ते भारदस्तही दिसेल, हा विचार डोक्यात राहिला.

मग रोजचं काम संपलं की, दिवे काढण्याआधी, कागदाच्या पट्ट्या घेऊन बसायचो. सेट लागलेलाच असतो, उजेड बसलेला असतो, दागिना समोर असतो, त्यामुळे खर्च काहीच नाही. काळ्या चार्ट पेपरची बोटभर रुंद पट्टी दागिन्याच्या दोन्ही बाजूंना उभी केली की प्रत्येक मण्याला कड येते, गोलाई दिसते. मरून कागद थोडा दूर धरला तर सोन्याच्या सावलीत ऊब येते. निळा कागद सोन्याचा जीवच घेतो. मोत्याच्या नथीला यातलं फारसं काही लागू पडत नाही. मोत्याला मोठा, एकाच बाजूचा उजेड लागतो, आणि काळी पट्टी फार जवळ आणली तर मोती मळका दिसतो. ठुशीचे मणी बारीक आणि एकमेकांना चिकटून, तिथं पट्टी आणखी अरुंद करावी लागते. हे कुठल्याही व्हिडिओतून कळलं नसतं, पट्टी हातात धरूनच कळतं. मात्र माझी एक अट असते. दागिन्याचा रंग शेवटी हातातल्या दागिन्याशी ताडून बघायचा. फोटो बघून गिऱ्हाईक घरून निघतं. जे दिसलं तेच त्याला पेढीवर मिळायला हवं.

बिघाडातून रीत निघणं हे काही आजचं नाही. पॅरिसमध्ये, १९२९च्या सुमारास, फोटोग्राफर ली मिलर डार्करूममध्ये काम करत असताना तिच्या पायावरून काहीतरी गेलं आणि तिनं घाबरून दिवा लावला, असं तिनं स्वतः सांगितलंय. डेव्हलपरमधल्या निगेटिव्हवर उजेड पडला आणि आकृतीच्या कडेनं गडद रेघ उमटली. हा परिणाम एकोणिसाव्या शतकातच सबातिए यांनी नोंदवला होता. पण मिलर आणि तिच्यासोबत काम करणारे फोटोग्राफर मॅन रे यांनी तो पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि चेहऱ्यांच्या फोटोंसाठी वापरात आणला. दिवा चुकून कुणाच्याही हातून लागू शकतो. ती निगेटिव्ह फेकून न देता पुढं त्यावर खपणं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

गुलालाबद्दल सांगायलाच हवं, कारण आमच्याकडे चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर गुलालानं न्हालेला असतो. सासनकाठ्या नाचत असतात, 'चांगभलं'चा गजर असतो, आणि कॅमेऱ्याच्या फटीफटीत गुलाल शिरतो. पुढंमागं होणाऱ्या झूम लेन्समध्ये तर तो आतच ओढला जातो. तिथं लेन्स बदलायची नाही, घरूनच एक लावून निघायचं आणि कॅमेऱ्याला प्लॅस्टिक गुंडाळायचं. परत आल्यावर ओलं फडकं लावलंत तर रंग धरून बसतो. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, ओलं अगदी शेवटी.

तिथं कॅमेऱ्यावर लावलेला फ्लॅश उडवला तर फोटोभर मोठे गुलाबी गोल उठतात. लेन्सच्या अगदी समोरच्या कणांवर फ्लॅश सगळ्यात जास्त पडतो आणि ते फोकसच्या बाहेर असतात, म्हणून. देव्हाऱ्यापाशी असा फोटो कामाचा नाही. पण उजेड समोरून न देता मागून दिला तर तोच गुलाल धगधगल्यासारखा पेटतो. यात्रेत मागं फ्लॅश लावायला जागा नसते, म्हणून ऊन कललं की उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं. गुलालाच्या पडद्यातून माणसांच्या फक्त कडा उजळतात. पुढं एका प्रीवेडिंगला शेताच्या बांधावर, नवरा-नवरीच्या पाठीमागं जमिनीवर फ्लॅश ठेवून हेच केलं. वारा त्यांच्या तोंडाकडून वाहत होता, त्यामुळे डोळ्यांत काही गेलं नाही. हे आधी बघूनच त्यांना उभं करायचं.

पावसाळ्यात एसी हॉलमधून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते. बॅगेची चेन बंद ठेवून अर्धा तास थांबलं की जाते, आणि पुढचा कार्यक्रम बाहेर असेल तर हा अर्धा तास हाताशी ठेवायलाच लागतो. पोर्ट्रेटला मात्र मी यूव्ही फिल्टरवर, म्हणजे लेन्सपुढं लावतात त्या साध्या काचेवर, मुद्दाम फुंकर मारतो. वाफ विरता विरता काही सेकंद दिव्यांभोवती मऊ वलय येतं, तेवढ्यात दोन-तीन फोटो मिळतात. फुंकर फिल्टरवरच, लेन्सच्या काचेवर नको.

आणि ज्यांच्याकडे कामच कमी असतं त्यांच्यासाठी दादासाहेब फाळक्यांची गोष्ट. ते आधी फोटोग्राफरच होते, गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. १९१२मध्ये लंडनहून आणलेला कॅमेरा त्यांनी घरातल्या कुंडीसमोर मांडला, कुंडीत वाटाणे पेरले आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण केलं. मिनिटभराच्या फितीत रोप वाढताना दिसलं, आणि ते बघून त्यांना पुढच्या कामासाठी पैसे मिळाले. तुमच्या मोबाइललाही एवढं जमतं. फक्त स्टँड जागचा हलू द्यायचा नाही.

आता पार्टीचं. अंतरपाट दूर होतो तो क्षण, मंगळसूत्र, कन्यादान, सप्तपदी आणि आजी-आजोबांचे फोटो, यात मी काहीही नवं करत नाही. ठरलेलं सेटिंग, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग, रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, न दाबलेली मूळ फाइल). हळद, वरात, जेवणाची पंगत आणि नवरा-नवरीचे निवांत फोटो इथं आधी साधा, खात्रीचा फोटो घ्यायचा आणि लगेच त्याच जागी वेगळा. वेगळा जमला तर अल्बममध्ये जातो, नाही जमला तर माझ्याकडे एका फोल्डरमध्ये राहतो, शटर, दिवा, अंतर यांची नोंद करून. पार्टीला तो दाखवायची गरज नाही, कारण त्यांच्या कामातलं काही कमी झालेलं नसतं.

तुमच्या पुढच्या वरातीत सुरुवात यानं करा: आयएसओ ४००, ॲपर्चर एफ ८, शटर १/१०, फ्लॅश रिअर सिंकला आणि कमी पॉवरवर. आधी घरातल्या दिव्यांच्या माळेवर करून बघा. ठिपके किती येतात ते मोजा, म्हणजे माळ कुठल्या जातीची आहे तेही कळेल.