विश्वास आहे, तरीही भीती का वाटते?

"ताई, मी रोज प्रार्थना करते, उपवास धरते, वचन वाचते, तरीही रात्री छातीत धडधड होऊन जाग येते. मग माझा विश्वास खोटाच म्हणायचा का?"

चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलेला हा प्रश्न माझ्यासाठी नवा नव्हता. ख्रिस्ती विश्वासात वाढलेली माणसे समुपदेशकाकडे येतात, तेव्हा भीतीपेक्षाही भीती वाटल्याची लाज पुष्कळदा आधी सांगतात. बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

आठ महिन्यांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ झोपेतच हृदयविकाराने गेले. त्यानंतर काही आठवड्यांनी एका रात्री बाई दचकून जाग्या झाल्या, श्वास पुरेना, बोटांना मुंग्या आल्या आणि आपलीही वेळ आली अशी त्यांची खात्रीच झाली. रुग्णालयात ईसीजी, रक्ताच्या आणि थायरॉइडच्या तपासण्या झाल्या. सगळे ठीक निघाले. (या तपासण्या आधी होणे आवश्यकच असते, कारण थायरॉइडचा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार कधीकधी हुबेहूब भीतीचे रूप घेतो.) तरीही झटके येत राहिले. बाई जिना चढणे टाळू लागल्या, एकट्या झोपेनाशा झाल्या आणि उपासनेत दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसू लागल्या. त्यातच मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका ज्येष्ठ व्यक्तीने, अर्थात सद्हेतूनेच, सांगितले की भीती देवाकडून येत नाही, तेव्हा मनात कुठेतरी अविश्वासाला जागा राहिली असेल, ती शोधा. बाई ती जागा शोधू लागल्या, आणि मरणाच्या भीतीवर देव आपल्यावर नाराज असल्याच्या भीतीची भर पडली. माझ्या मते ही दुसरी भीती अधिक जड होती, म्हणून आम्ही तिच्यापासूनच सुरुवात केली.

त्यांच्या पर्समध्ये घडी घालून घालून विरलेली, मागून चिकटपट्टी लावलेली एक चिठ्ठी होती. देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, या आशयाचे, बायबलमधल्या प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले वचन तिच्यावर होते. मी विचारले, "पौलाने हे कोणाला लिहिले?" "तीमथ्याला." "मुळातच धीट असलेल्या माणसाला असे लिहावे लागले असते का?" त्या काही बोलल्या नाहीत, पण चिठ्ठीकडे पुन्हा एकदा पाहिले. मग आम्ही पौलाचेच फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेले फिलिप्पैकरांस पत्र उघडले. चौथ्या अध्यायात कशाचीही चिंता करू नका असे सांगणारा पौल त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात मोकळेपणाने लिहितो की आजारातून उठलेल्या एपफ्रदीत या सहकाऱ्याला तुमच्याकडे पाठवल्याने माझी चिंता कमी होईल. करिंथकरांना तर तो बाहेर भांडणे आणि आत भीती होती असेच लिहून गेला आहे. चिंता करू नका हे घाबरलेल्याला दिलेले सांत्वन आहे, त्याच्यावर ठेवलेला आरोप नव्हे, हे त्यांना या वाचनातून दिसू लागले. सुरुवातीच्या वर्षांत मीही वचन औषधाच्या चिठ्ठीसारखे हातावर ठेवत असे आणि समोरच्याला बरे वाटले नाही तर दोष त्याच्याच पदरात पडत असे, याची मला आज खंत वाटते.

तिसऱ्या भेटीत त्यांनी प्रार्थनेने सुरुवात करण्याची इच्छा दाखवली. त्यांनी डोळे मिटले, हात एकमेकांत घेतले, आणि माझ्या लक्षात आले की उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर, नेमकी नाडीवर टेकलेली आहेत. ओठ प्रार्थना करत होते आणि बोटे ठोके मोजत होती. नंतर मी हे सांगितले तेव्हा त्या स्वतःच चकित झाल्या. मग हळूहळू बाहेर आले की रात्री त्या चिठ्ठीवरचे वचन सात वेळा म्हणत, नाडी पाहत, आणि ठोके उतरले नसतील तर पुन्हा सात वेळा म्हणत.

सारी गुंतागुंत इथे होती. संकटाची चाहूल लागताच शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडते, ठोके वाढतात, श्वास भराभर होतो. श्वास फार वेगाने झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन मुंग्या येतात, गरगरते. हे सगळे भयंकर वाटते, पण पॅनिक अटॅकची लाट बहुधा काही मिनिटांत टोकाला जाऊन आपोआप ओसरते. माणूस ती ओसरण्याआधीच पळ काढतो, किंवा नाडी पाहण्यासारखा काही उपाय करतो, आणि मेंदू शिकतो की या उपायामुळेच आपण वाचलो. बाईंची प्रार्थनाही नकळत असाच उपाय होऊन बसली होती. देवाशी बोलणे मागे पडले होते आणि ठोके उतरले की नाही यावर देवाची परीक्षा चालली होती. खरे तर स्वतःचीच.

प्रार्थना सोडा असे मी अर्थातच म्हटले नाही. मोजणे सोडू या, एवढेच सुचवले. आम्ही बायबलमधले ५६ वे स्तोत्र वाचले. त्यात स्तोत्रकर्ता आधी मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन असे म्हणतो, आणि लगेच पुढच्या वचनात मी भिणार नाही असेही म्हणतो. दोन्ही वाक्ये एकाच तोंडची आहेत. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूही व्याकूळ झाला, आणि त्याने तीन शिष्यांना जवळ थांबून जागे राहायला सांगितले. बाई या ठिकाणी बराच वेळ थांबल्या. "त्यालाही सोबत हवी होती," त्या म्हणाल्या. पुढे त्यांची रात्रीची प्रार्थना दोनच वाक्यांची झाली: प्रभू, मी घाबरले आहे. माझ्याजवळ राहा.

बाकीचे काम कंटाळवाणे होते, तसे ते असतेच. डॉक्टरांच्या संमतीने आम्ही इमारतीचा जिना चढायचो आणि छाती धडधडत असताना, मनगटाला हात न लावता, ती शांत होईपर्यंत पायरीवर बसायचो. उपासनेत त्या दर रविवारी एकेक बाक पुढे सरकू लागल्या. मानसोपचारतज्ज्ञांनी सुचवलेल्या गोळ्या घ्यायला मात्र त्या कचरत होत्या, कारण गोळी म्हणजे विश्वासाची हार असे त्यांना वाटे. मी त्यांना बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची आठवण दिली. जिवाच्या भीतीने पळून तो रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खायला दिले. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले, आणि तो आला.

"मग प्रार्थनेने भीती जात नाही का?" असे त्यांनी मध्येच एकदा विचारले होते. कधी जाते, कधी जात नाही, असे प्रामाणिक उत्तर मी दिले. मात्र भीती राहिली म्हणून प्रार्थना फुकट गेली, असे मी मानत नाही.

पाचव्या महिन्यात, चौथ्या बाकावर बसलेल्या असताना, संदेश (प्रवचन) चालू असतानाच त्यांना झटका आला. त्या उठून गेल्या नाहीत. शेजारच्या बाईंना हळूच म्हणाल्या, "मला घाबरल्यासारखं होतंय, जरा माझ्याजवळ बसून राहा." त्या बाईंनी काही न विचारता त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "ताई," पुढच्या भेटीत त्या हसत सांगत होत्या, "नाडी बघायला मनगटच मोकळं नव्हतं."