तिळगूळ आधी कोणी द्यायचा?

प्रिय ओवी,

संक्रांतीला तुला म्हटलं, शेजारच्या मैत्रिणीला तिळगूळ देऊन ये. तू डबी ओट्यावर ठेवलीस आणि म्हणालीस, "भांडण तिने काढलं, मग गोड बोलायला आधी मी का जायचं? म्हणजे आपण हरलो ना?" मी "जा गं, वाद घालू नकोस" म्हणून विषय संपवला. पण रात्रपाळीत तेच डोक्यात राहिलं.

लहानपणी आमचं गिरणीवाल्या काकूंशी वाजलं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्या दुधात पाणी असतं. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, म्हणाली, तुमच्याकडे दळण कमी भरतं. झालं! त्यांनी रतीब बंद केला, आम्ही दळण. दोन घरांत एकच भिंत, आणि मी ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. येताना ताज्या पिठाने डबा असा तापलेला असायचा की चुंबळीखालीही डोकं भाजायचं. त्या संक्रांतीला आबा, म्हणजे तुझे आजोबा, कुणालाही न विचारता वाटीत तिळगूळ घेऊन काकूंच्या दारात गेले. दुसऱ्या दिवसापासून रतीब सुरू, माझी पायपीट बंद.

पण आजी रथसप्तमीपर्यंत आबांशी बोलली नाही. "गावात माझं नाक कापलंस" एवढंच एकदा म्हणाली. बाहेरचं भांडण मिटलं ते आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं. (दुधात पाणी होतं का? थोडं असावं, असं मला आता वाटतं.)

तू दहा वर्षांची होतीस तेव्हा इथे उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टलाही असंच झालं. ब्रेक्झिटनंतर, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, ब्रिटनहून आपल्या बंदरात येणाऱ्या मालाची तपासणी सुरू झाली, स्कॉटलंडचं बटाट्याचं बियाणंसुद्धा अडलं. आपल्याला ब्रिटनपासून तोडलं म्हणून ब्रिटनशी जोडलेलंच राहायचं म्हणणारा इथला डीयूपी पक्ष रुसला आणि फेब्रुवारी २०२२ पासून स्टॉरमाँटला, म्हणजे इथल्या विधानसभेत, धड सरकारच उरलं नाही. वर्षभराने लंडनने आणि ब्रसेल्सने, म्हणजे युरोपीय संघाने, इंग्लंडमधल्या विंडसरला समझोता केला: इथेच खपणारा माल हिरव्या मार्गाने, पुढे युरोपीय संघातल्या आयर्लंडला जाऊ शकणारा लाल मार्गाने. तरी डीयूपीचा रुसवा आणखी जवळजवळ वर्षभर टिकला. मंत्री नाहीत म्हणून आमची पगारवाढ अडकलेली. लंडन ३.३ अब्ज पौंड द्यायला तयार होतं, पण आधी सरकार बसवा म्हणे. संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी, १८ जानेवारी २०२४ ला, लाखाहून जास्त सरकारी कर्मचारी संपावर गेले. मीही हॉस्पिटलच्या गेटवर उभी होते. कोटाच्या खिशातले लाडू थंडीने दगड झाले होते, तरी फोडून वाटले. कुणी विचारलं नाही, आधी कोण देतंय.

३ फेब्रुवारीला सरकार बसलं, मिशेल ओनील फर्स्ट मिनिस्टर झाल्या. मग पगाराचं गाडं हललं. आणि सरकारात परतलेल्या डीयूपीचं? जुलैच्या ब्रिटिश संसदेच्या निवडणुकीत आठाच्या पाच जागा झाल्या. नॉर्थ अँट्रिमची जागा १९७० पासून पेस्ली घराण्यात होती. 'समुद्रातली सीमा तशीच आहे, तुम्ही नमलात' म्हणणाऱ्या प्रतिस्पर्धी पक्षाच्या जिम अलिस्टर यांनी ती ४५० मतांनी नेली. पक्षाचं दुखणं एवढं एकच नव्हतं, पण मला आमची आजी आठवली.

तेव्हा तुझं अगदीच चूक नाही. आधी जाणाऱ्याला घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं. आबांनी ऐकून घेतलं. ते हरले की नाही, मला अजून ठरवता येत नाही. मला मात्र चालायचं वाचलं, एवढं खरं. आपल्यात असं असतं म्हणून तू जायलाच हवंस, असंही मला म्हणायचं नाही.

डबी ओट्यावरच आहे, मी मुद्दाम तुझ्यासमोर ठेवलेली नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देतात, तेव्हा घाई नाही. त्यातले दोन लाडू मात्र मी काल ड्यूटीवर नेऊन खाल्ले.

तुझी आई