काकांच्या तोंडाचा प्रश्न आणि तुझी बी.एस्सी.

प्रिय विद्यार्थिनी,

नीट दोनदा हुकली, आता लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस. घरचे म्हणतात बी.एड. कर. सुपारी-गुटख्याने काकांच्या तोंडात दोन बोटंही जात नाहीत, आणि तू विचारतेस, "डॉक्टर न होता अशा आजारावर काम करता येतं का?" येतं. तुझ्या काकांचंच उदाहरण घे. सुपारीने तोंड असं आखडत जाण्याच्या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

सुपारीतलं अरेकोलिन हे रसायन गालाच्या आतल्या अस्तराला सतत डिवचतं. इजा झाली की पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. त्यातला टीजीएफ-बीटा हा निरोप फायब्रोब्लास्ट पेशींना कोलॅजन हे धाग्यासारखं प्रथिन बनवायला सांगतो. जखम भरायला तो हवाच, पण ती भरली की थांबायलाही हवा. तोबरा रोजचाच असेल तर तो थांबत नाही. कोलॅजन साचत जातं, लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याचे धागे एकमेकांत घट्ट अडकवतं (सुपारीतल्या तांब्याने ते आणखी जोर धरतं) आणि मऊ गाल ताठ होतो. यातून काहींना पुढे कर्करोग होतो. तेव्हा सुपारी आजच बंद करायला लाव आणि काकांना दंत महाविद्यालयात घेऊन जा. हे करिअरच्या आधी.

डॉक्टर काकांना तपासतील. निरोप नेमका कुठे तोडायचा, ते मात्र प्रयोगशाळेत शोधावं लागतं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ते साधलं: 'वाढत राहा' असं सांगणारं बिघडलेलं प्रथिन सापडलं, आणि ते रोखणाऱ्या इमॅटिनिबला २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

एम.एस्सी.साठी जॅम (आयआयटीसारख्या संस्थांची प्रवेश परीक्षा) आणि गॅट-बी (जैवतंत्रज्ञानाची प्रवेश परीक्षा) दोन्ही दे. नंतर सीएसआयआर-नेट, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र), पुण्याचं एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) इथे याच विषयांवर पीएच.डी. होते. जेआरएफ (नेटमधून मिळणारी शिष्यवृत्ती) मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये, पण पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धर. बाबांना हे आकडे आधीच सांग, लपवू नकोस. मला विचारशील तर बी.एड.ची घाई नको, ते एम.एस्सी.नंतरही करता येतं.

या वर्षी बायोकेमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं कर. आणि सरांचं पत्र घेऊन जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात जा, निरोगी गालाची आणि अशा गालाची स्लाइड शेजारी शेजारी दाखवा म्हणून विनंती कर. काय दिसलं ते मला लिही.